पावती : मुंबईच्या भाडेकरूंनी जपलेल्या एका कागदाचा इतिहास

१/२५
गिरगाव, लालबाग, परळ येथील एखादी जुनी चाळ पुनर्बांधणीसाठी रिकामी होऊ लागली, की माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीतून बहुधा एक पुडके बाहेर येते. सुतळीने बांधलेल्या, कडा झिजलेल्या भाडेपावत्यांचे ते पुडके असते. रक्कम किरकोळ, नाव आजोबांचे आणि सही मालकाच्या मेहताजीची. थकलेल्या भाड्याच्या वसुलीचा दावा तीन वर्षांत मुदतबाह्य होतो. मग तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या पावत्या या कुटुंबांनी का जपून ठेवल्या? या प्रश्नाचे उत्तर शोधताना मुंबईतील भाडेकरूंच्या हक्कांचा शंभर वर्षांहून अधिक काळाचा इतिहास उलगडतो. (धागा)

२/२५
‘पावती’ हा शब्द ‘पावणे’ या क्रियापदापासून आला. पैसे पावले, म्हणजे पोहोचले, अशी घेणाऱ्याने दिलेली लेखी कबुली म्हणजे पावती. जुन्या मराठी कागदपत्रांत याच अर्थाने ‘कबज’ हा शब्द भेटतो, तर देणे पूर्ण फिटल्याचा कागद ‘फारखत’ म्हणून ओळखला जाई. लेखी कबुलीचे महत्त्व या समाजाला नवे नव्हते. अडचण निराळी होती. ज्याने पैसे दिले त्याला कागदाची गरज असे, आणि तो कागद लिहिण्याचा अधिकार मात्र पैसे घेणाऱ्याच्या हाती असे. पावतीसंबंधीचे पुढचे सारे कायदे या विषमतेवर तोडगा काढण्यासाठी झाले.

३/२५
या कथेचा आरंभ शहरात होत नाही, खेड्यात होतो. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर चाल केली. त्यांचा रोख धान्याइतकाच, किंबहुना अधिक, वह्यांवर आणि कर्जरोख्यांवर होता. ते कागद हस्तगत करून जाळले गेले. पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत हे लोण पसरले. चौकशीसाठी नेमलेल्या आयोगापुढे शेतकऱ्यांनी मांडलेल्या तक्रारींत एक तक्रार वारंवार येते : कर्जाचा हप्ता फेडला तरी सावकार पावती देत नाही, आणि फेडलेली रक्कम पुन्हा येणे म्हणून दाखवतो.

४/२५
त्यानंतर १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांपासून त्याची सुरुवात झाली. त्यातील एक प्रकरण केवळ पावत्या आणि हिशेब यांना वाहिलेले होते. शेतकऱ्याने कर्जापोटी रक्कम दिली, की त्याने मागो वा न मागो, घेणाऱ्याने लेखी पावती दिलीच पाहिजे, असे त्यात सांगितले होते. वार्षिक हिशेब मागण्याचा आणि हिशेब पासबुकात लिहून घेण्याचा अधिकारही शेतकऱ्याला मिळाला. कसूर करणाऱ्यास दंडाची तरतूद होती. ‘मागो वा न मागो’ हे शब्द ध्यानात ठेवण्याजोगे आहेत, कारण सावकाराच्या दारात उभा असलेला ऋणको पावती मागायला कचरतो, हे कायदा करणाऱ्यांनी ओळखले होते.

५/२५
शहरातल्या भाडेकरूला मात्र हे संरक्षण नव्हते. १८९९च्या भारतीय मुद्रांक कायद्याच्या कलम ३० नुसार वीस रुपयांहून अधिक रक्कम घेणाऱ्याने, देणाऱ्याने मागितल्यास, तिकीट लावलेली पावती देणे बंधनकारक होते. यात दोन अटी होत्या. पावती मागावी लागे, आणि रक्कम वीस रुपयांवर असावी लागे. गिरणगावातील एका खोलीचे मासिक भाडे वीस रुपयांहून पुष्कळ कमी असे. म्हणजे ज्याला पावतीची सर्वाधिक निकड होती, तोच कामगार या कलमाच्या कक्षेबाहेर राहिला. बंगल्याच्या भाडेकरूला पावती मागता येत होती, खोलीतल्या भाडेकरूला मालकाच्या मर्जीवर राहावे लागे.

६/२५
त्या काळी घराची टंचाई किती होती, हे शिरगणतीच्या आकड्यांत दिसते. १८९६च्या सप्टेंबरात मांडवी भागात प्लेगचे निदान झाले. लोक शहर सोडून पळाले, हजारो मेले, आणि १८९१ साली ८,२१,७६४ असलेली मुंबईची लोकसंख्या १९०१ साली ७,७६,००६ वर आली. १८९८ साली स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दाटीच्या वस्त्या पाडून रुंद रस्ते काढले. त्यात अनेक स्वस्त घरे नाहीशी झाली. पुढे गिरण्यांनी माणसे पुन्हा ओढून आणली. १९२१ साली लोकसंख्या ११,७५,९१४ झाली, पण खोल्या त्या मानाने वाढल्या नाहीत.

७/२५
१९२१-२२ मध्ये मुंबई सरकारच्या लेबर ऑफिसने कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी केली. तीत ९७ टक्के कुटुंबे एकाच खोलीत राहत असल्याचे आढळले. १९२०च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे २०७ चाळी बांधल्या. त्यांत १६ हजारांहून अधिक खोल्या होत्या, तरीही गरज भागली नाही. गावाकडे कुटुंब ठेवून आलेले पुरुष दहा-बारा जण मिळून एका गाळ्यात राहत. पाळ्या बदलत तशी झोपण्याची जागाही बदले. अशा खोलीची पावती, असलीच तर, एकाच्या नावाने असे. उरलेल्यांनी दिलेल्या पैशांची नोंद त्यांच्या आपसांतल्या विश्वासावर चाले.

८/२५
भाड्यावर कायद्याचा अंकुश येण्यामागे दूरच्या एका शहराचा वाटा आहे. १९१५ साली, पहिले महायुद्ध चालू असताना, स्कॉटलंडमधील ग्लासगो येथे जहाजबांधणी कामगारांच्या वस्त्यांत मालकांनी भाडी वाढवली. मेरी बार्बर आणि तिच्या सहकारी स्त्रियांनी भाडेबंद संप उभारला. एका वस्तीत मालकाच्या गुमास्त्याने ‘बाकीच्यांनी वाढ भरली’ अशी थाप मारून एका स्त्रीकडून वाढीव रक्कम उकळली होती. तेव्हा बार्बरने गोदीतल्या कामगारांना रस्त्यावर बोलावले, त्या स्त्रीला घेऊन ती गुमास्त्याच्या कचेरीत गेली, आणि खाली जमलेला जमाव पाहून त्याने पैसे परत केले, अशी हकिकत तेथील चळवळीच्या आठवणींत नोंदली गेली आहे.

९/२५
१७ नोव्हेंबर १९१५ रोजी ग्लासगोच्या न्यायालयावर हजारोंचा मोर्चा गेला. डिसेंबरात ब्रिटिश संसदेने युद्धकाळापुरता भाडे-निर्बंध कायदा करून भाडी ऑगस्ट १९१४च्या पातळीवर आणली. मुंबईतही युद्धामुळे बांधकामाचे साहित्य महागले होते, नवी घरे थांबली होती आणि भाडी चढत होती. १९१८ साली मुंबई सरकारने ‘बॉम्बे रेंट (वॉर रिस्ट्रिक्शन्स) अॅक्ट’ आणला. नावातला ‘वॉर रिस्ट्रिक्शन्स’ हा भाग ब्रिटिश कायद्याच्या नावातही आहे. भारतातील भाडेनियंत्रणाचा हा आरंभ मानला जातो. कोलकाता आणि रंगून येथील कायदे त्यानंतर, १९२० मध्ये आले.

१०/२५
हा तात्पुरता उपाय १९२०च्या दशकाअखेर संपुष्टात आला. दुसऱ्या महायुद्धाने तोच प्रसंग पुन्हा आणला. १९३९ आणि १९४४ असे दोन कायदे झाले. त्यानंतर स्वातंत्र्य आणि फाळणीच्या वर्षी ‘मुंबई भाडे, हॉटेल व निवासगृह दर नियंत्रण अधिनियम, १९४७’ संमत झाला आणि १३ फेब्रुवारी १९४८ पासून अमलात आला. निर्वासितांचे लोंढे शहरात येत होते. हाही कायदा तात्पुरताच मानला गेला होता. प्रत्यक्षात मुदतवाढीमागून मुदतवाढ मिळत तो पन्नास वर्षांहून अधिक काळ टिकला, आणि मुंबईच्या तीन पिढ्यांचे घर त्याच्या आधाराने उभे राहिले.

११/२५
या अधिनियमाचे कलम २६ पावतीसंबंधी आहे. दुसरा कोणताही कायदा, करार, रूढी वा स्थानिक वहिवाट काहीही सांगत असली, तरी जागेपोटी रक्कम स्वीकारताक्षणी मालकाने लेखी पावती दिलीच पाहिजे. न दिल्यास शंभर रुपयांपर्यंत दंड. येथे वीस रुपयांची अट नाही आणि मागणीचीही अट नाही. १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्याला जे मिळाले होते, ते मुंबईच्या भाडेकरूच्या पदरात १९४७च्या कायद्याने असे नि:संदिग्ध शब्दांत टाकले. ‘आमच्या चाळीत पावतीची पद्धत नाही’ हे उत्तर कायद्यापुढे निरुपयोगी ठरले.

१२/२५
तरीही मालक पावती का टाळत, हे समजण्यासाठी कलम १२ पाहावे लागते. भाडेकरू प्रमाण भाडे देत असेल किंवा देण्यास तयार असेल, तोवर मालकाला जागा परत घेता येत नव्हती. हा भाडेकरूचा किल्ला होता. त्याला एक दार मात्र होते. भाडे महिनेवारीचे असेल, प्रमाण भाड्याबद्दल वाद नसेल, सहा महिन्यांचे भाडे थकलेले असेल आणि नोटीस मिळाल्यावर महिनाभरात ते चुकते केले नसेल, तर न्यायालयाने ताबा मालकाला देणे क्रमप्राप्त होते. भाडी गोठलेली असल्याने जुना भाडेकरू जाण्यातच मालकाचा लाभ होता. त्यामुळे ‘सहा महिने’ हे शब्द दोन्ही पक्षांना पाठ झाले.

१३/२५
डाव साधा असे. मेहताजी ठरल्या तारखेला येई, भाडे घेई आणि ‘पावतीपुस्तक संपले आहे, पुढच्या फेरीला देतो’ म्हणून निघून जाई. पुढच्या फेरीला दुसरे कारण. ओळख जुनी, शेजार जुना, भाडेकरूला आग्रह धरणे अवघड वाटे. असे सहा-सात महिने लोटले, की वकिलाची नोटीस येई : इतक्या महिन्यांचे भाडे थकले आहे. भाडेकरूने पैसे दिलेले असत. घरातल्या सर्वांनी ते देताना पाहिलेले असे. परंतु त्याच्या हाती कागद नसे, आणि मालकाच्या वहीत नोंद नसे.

१४/२५
पुराव्याच्या कायद्याचे तत्त्व असे, की जो एखादी गोष्ट घडल्याचे सांगतो, तिची सिद्धता त्याच्यावर. ‘भाडे मिळाले नाही’ हे मालकाने सिद्ध करायचे नसते, ‘भाडे दिले’ हे भाडेकरूने सिद्ध करायचे असते. घरच्यांची साक्ष कामी येऊ शके, पण तिचे वजन न्यायाधीशाच्या विश्वासावर ठरे. पावतीपुढे असा प्रश्न उरत नसे. शिवाय पावती न देण्याचा कमाल दंड शंभर रुपये आणि मोकळ्या खोलीचे मोल हजारो रुपये, असे गणित असल्यावर दंडाचा धाक कितीसा राहणार? हक्क कायद्याने दिला होता. तो टिकवण्याचे काम भाडेकरूवर सोपवलेले होते.

१५/२५
भाडेकरूंनी यावर शोधलेला उपाय टपाल खात्याचा होता. भारतात टपालाची मनिऑर्डर १८८० साली सुरू झाली. गिरणी कामगार तिच्या द्वारे कोकणात आणि घाटावर पैसे पाठवत असल्याने तिचे तंत्र त्यांना पुरते ठाऊक होते. तीच मनिऑर्डर आता मालकाच्या नावाने जाऊ लागली. मालकाने पैसे घेतले, तर त्याच्या सहीची पोच परत येई, म्हणजे न मागता पावती मिळे. त्याने नाकारले, तर टपाल खात्याचा ‘घेण्यास नकार’ असा शेरा येई, आणि भाडेकरू पैसे देण्यास तयार होता याचा तो पुरावा ठरे. दोन्ही परिणाम भाडेकरूच्या पथ्यावर पडत. कूपनावर कोणत्या महिन्याचे भाडे, हे लिहिण्याची दक्षता मात्र घ्यावी लागे.

१६/२५
जुन्या पावत्या जपण्याचे दुसरे कारण एका तारखेत आहे : १ सप्टेंबर १९४०. १९४७च्या अधिनियमानुसार या दिवशी जागेचे जे भाडे होते तेच, सर्वसाधारणपणे, तिचे प्रमाण भाडे. म्हणून त्या महिन्याची पावती म्हणजे पुढच्या सर्व वर्षांच्या भाड्याची मोजपट्टी होती. जुन्या भाडेकरूने ती जपली. नंतर आलेल्याकडे ती असणे शक्यच नव्हते. त्याला मालकाच्या वह्यांवर किंवा महापालिकेच्या करआकारणीच्या नोंदींवर विसंबावे लागे, कारण मालमत्ताकर ठरवण्यासाठी महापालिका जागेच्या वार्षिक भाड्याची नोंद ठेवत असे. मालकाने कर वाचवण्यासाठी तेथे कमी भाडे सांगितले असेल, तर तीच नोंद लघुवाद न्यायालयात त्याच्यावर उलटू शके.

१७/२५
भाडे गोठले तसा खरा व्यवहार पागडीत सरकला. नवा भाडेकरू ठेवताना मालक एकरकमी मोठी रक्कम घेई. भाडेकरू खोली सोडताना ती दुसऱ्याकडून घेई आणि मालकाला त्यातला वाटा देई. कलम १८ नुसार हा गुन्हा होता, आणि त्याला कैदेची शिक्षा होती. साहजिकच पागडीची पावती कोणी देत नसे. यातून एक विचित्र स्थिती निर्माण झाली. माणसाने आयुष्यभराची पुंजी मोजली त्याचा कागद नाही, आणि दरमहाच्या दहा-वीस रुपयांचा कागद मात्र आहे. म्हणून ती भाडेपावती वीस रुपयांची राहिली नाही. नोंद न झालेल्या त्या मोठ्या रकमेचा तोच एक दृश्य आधार होता.

१८/२५
कायदा अधूनमधून एखादी तारीख ठरवून जुन्या अनियमित व्यवहारांना मान्यता देई. १९४७च्या कायद्याने पोटभाडेकरू ठेवण्यास मनाई केली होती, पण घरटंचाईत ती पाळली गेली नाही. १९५९ साली दुरुस्ती झाली आणि २१ मे १९५९ पूर्वीपासून प्रत्यक्ष ताब्यात असलेल्या पोटभाडेकरूंना संरक्षण मिळाले. आता प्रश्न ‘भाडे दिले का’ एवढाच राहिला नाही. ‘त्या दिवशी तुम्ही येथे होतात का’ असा तो झाला. पोटभाडेकरूला मूळ भाडेकरूने पावती देणे म्हणजे स्वतःच्या कायदाभंगाची कबुली देणे. म्हणून ज्यांना त्या पावतीची सर्वाधिक गरज होती, त्यांच्याजवळ ती क्वचितच होती.

१९/२५
पोटभाड्याची वाट अरुंद झाल्यावर ‘लिव्ह अँड लायसन्स’चा प्रघात फोफावला. राहणारा भाडेकरू नाही, केवळ परवानाधारक आहे, असा करार होई. पावतीवर ‘भाडे’ हा शब्द कटाक्षाने टाळून ‘भरपाई’ असे लिहिले जाई. एका शब्दाने माणूस भाडे कायद्याच्या छत्राबाहेर जाई. सर्वोच्च न्यायालयाने १९५९ साली असोसिएटेड हॉटेल्स विरुद्ध आर. एन. कपूर या प्रकरणात स्पष्ट केले, की कागदाचे नाव निर्णायक नसते, पक्षांचा खरा हेतू आणि ताब्याचे स्वरूप पाहावे लागते. परंतु हे तत्त्व वापरण्यासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागे, आणि ते प्रत्येकाच्या आवाक्यातले नव्हते.

२०/२५
१९७३ साली महाराष्ट्र विधिमंडळाने कलम १५-अ घातले. १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू करारान्वये जागेत असलेले परवानाधारक त्या दिवसापासून भाडेकरू मानले गेले. ज्या ‘भरपाई’च्या पावत्या भाडेकरूपण नाकारण्यासाठी लिहिल्या गेल्या होत्या, त्याच आता भाडेकरूपणाचा पुरावा ठरल्या. मात्र जागा निदान एका खोलीएवढी असण्याची अट होती, आणि ‘पेइंग गेस्ट’ला वगळले होते. गाळ्यात केवळ वळकटीपुरती जागा असलेला कामगार, खाणावळीत पैसे भरून मित्रांच्या खोलीत झोपणारा तरुण यांना या कायद्याने काहीच दिले नाही. त्यांनी दिलेल्या पैशांचा हिशेब कोणाच्याच पावतीपुस्तकात नव्हता.

२१/२५
पावतीवरचे नाव हा आणखी एक संघर्षाचा विषय होता. भाडेकरू मरण पावल्यास त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे भाडेहक्क जाई, अशी तरतूद कायद्यात होती. परंतु अनेक मालक नाव बदलून देण्यास टाळाटाळ करीत आणि मृताच्या नावानेच पावत्या फाडत राहत. विधवा स्त्री वर्षानुवर्षे भाडे भरी आणि कागदावर मात्र ती नसे. पुढे दीर-भावजयीत किंवा भावाभावांत वाद उद्भवला, की ‘मृत्यूसमयी सोबत कोण राहत होते’ हे शिधापत्रिका, मतदार यादी, शाळेचे दाखले यांवरून ठरवावे लागे. पेटीत भाडेपावत्यांसोबत हे कागदही एकत्र बांधलेले आढळतात, त्याचे कारण हेच.

२२/२५
मालकांच्या बाजूनेही रास्त तक्रार होती. १९४०च्या भाड्यात १९८०ची डागडुजी होणे अशक्य होते. इमारती कोसळू लागल्या. १९६९च्या कायद्याने दुरुस्ती मंडळ स्थापन झाले आणि शहरातील १९,६४२ जुन्या इमारती उपकराच्या कक्षेत आल्या. १९ डिसेंबर १९९७ रोजी मालपे विश्वनाथ आचार्य प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने गोठवलेल्या भाड्याच्या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी आणि मनमानी ठरल्या आहेत, असे म्हटले. अधिनियमाची चालू मुदत लवकरच संपणार असल्याने त्या तत्काळ रद्द केल्या नाहीत. नवा कायदा करणे मात्र त्यानंतर अटळ झाले.

२३/२५
तो नवा कायदा म्हणजे महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९. तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला. भाड्यात दरवर्षी चार टक्के वाढीस मुभा मिळाली आणि पागडीला कायद्याची मान्यता मिळाली. थकबाकीची नोटीस मिळाल्यापासून नव्वद दिवस भाडेकरूला मिळू लागले. कलम ३१ ने पावतीची सक्ती कायम ठेवली. कलम ५५ ने एक पाऊल पुढे टाकले : करार लेखी आणि नोंदणीकृत असावा, नोंदणीची जबाबदारी मालकाची, आणि ती न केल्यास अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरावे. कागद नसल्याचा तोटा तोवर नेहमी भाडेकरूला होत आला होता. या एका बाबतीत तो मालकाकडे वळवला गेला.

२४/२५
जुन्या पावत्यांना सर्वांत मोठे मोल आले ते पुनर्विकासामुळे. उपकरप्राप्त इमारतींच्या पुनर्बांधणीसाठी विकास नियंत्रण नियम ३३(७) लागू झाला, आणि त्यात १३ जून १९९६ ही तारीख निर्णायक ठरली. त्यानंतर निर्माण केलेले भाडेहक्क नव्या घरासाठी विचारात घेतले जाणार नव्हते. १९४०, १९५९, १९७३, १९९६ अशा प्रत्येक तारखेला शासनाने विचारलेला प्रश्न मूलतः एकच होता : त्या दिवशी तुमचा येथे कोणता हक्क होता? ज्या घरातल्या आजीने पुडके जपले, त्या घराला उत्तर देता आले. ज्यांचे कागद पावसाळ्यात भिजले, वाळवीने खाल्ले किंवा मुळात मिळालेच नाहीत, त्यांना कचेऱ्यांचे उंबरे झिजवावे लागले. पहिल्या परिच्छेदातील प्रश्नाचे उत्तर ते हे.

२५/२५
आज भाडे बहुधा मोबाइलवरून जाते. केंद्राच्या २०२१च्या आदर्श भाडेकरू कायद्यात बँकेची पोच हाच भाडे दिल्याचा पुरावा मानला आहे. परंतु बँकेच्या नोंदीतून रक्कम कोणाकडून कोणाकडे गेली एवढेच दिसते. ती कोणत्या खोलीपोटी, कोणत्या महिन्यासाठी, भाडे म्हणून की अनामत म्हणून, हे तिथे आपोआप लिहिले जात नाही. चाळीतल्या जुन्या पावतीवर खोली क्रमांक, महिना, ‘बाबत’, नाव आणि सही असे रकाने असत, आणि खटला उभा राही तेव्हा वाद नेमका त्यांतील एखाद्या रकान्यावर होई. दरमहा लेखी पावती घेण्याचा हक्क महाराष्ट्रातील भाडेकरूला आजही आहे. १८७९च्या कायद्याने शेतकऱ्याला ती न मागताही देऊ केली होती, आणि पुढचा अनुभव असा, की जे ती मागून घेत आणि जपून ठेवत, त्यांचेच घर टिकले.